रकाना सातवा : आवाजाचे स्वरूप

अंधेरी पूर्वेच्या 'श्रमसाफल्य' सोसायटीत रेडिओ अकरा होते, टेलिफोन एक होता आणि इंग्रजी एकट्या अंबादास परुळेकरांकडे होतं. 'आय बेग टु स्टेट' असं म्हणत निघालेलं वाक्य चार ओळी चालवून 'युवर्स ओबीडियंटली'पर्यंत सुखरूप नेणारा दुसरा माणूस त्या चार मजल्यांत नव्हता. परुळेकर एका सरकारी कचेरीत पत्रव्यवहार विभागाचे हेडक्लार्क होते. रेशनकार्डावर नाव चढवायचं असो, नळाची जोडणी असो, की कुणाच्या सासूच्या आजारपणाची रजा असो, माणूस कोरा कागद घेऊन त्यांच्या दारात उभा राहायचा. परुळेकर चष्मा पुसायचे, पेनाचं टोपण काढायचे आणि म्हणायचे, "हं, मजकूर सांग." तो सांगायला लागला की हे लिहायला लागायचे, पण दोन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध नसायचा. अर्ज वजनावर मंजूर होतो, मजकुरावर नाही, असं त्यांचं मत होतं.

१९७२ साली त्यांच्या घरी गॅस आला तोसुद्धा अर्जाच्या वजनावरच, असं ते धरून चालले होते. नंबर लावून साडेपाच वर्षं झाली होती. या साडेपाच वर्षांत परुळेकरांनी सतरा स्मरणपत्रं पाठवली आणि सुलक्षणाबाईंनी रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारला. दर स्मरणपत्रानंतर "आता बघ, येतोच" हे वाक्य त्यांनी ऐकलं होतं आणि दर वेळी त्या "बरं" म्हणाल्या होत्या. त्यामुळे खरोखरचा सिलिंडर जिना चढून आला तेव्हा त्यांनी त्याला ओवाळलं, हळदकुंकू लावलं आणि त्याच्यापुढे नारळ फोडला. पाणी उडालं ते शेगडीवर, म्हणून परत सगळं पुसून घेतलं.

सोसायटीतला हा पहिलाच गॅस. शेजारणी एकेक करून येऊन निळी ज्योत बघून गेल्या. शेजारच्या बिऱ्हाडातला चंद्रप्रकाश सामंतही आला. गॅसच्या यादीत त्याचा नंबर परुळेकरांच्या बरोबर खाली होता. ज्योत बघून तो "झकास रे अंबू" म्हणाला. परुळेकरांना ते 'झकास' काही आवडलं नाही. म्हणताना चंद्रप्रकाश ज्योतीकडे बघत नव्हता, सिलिंडरला मापत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी आवाज आला.

"अहो, इकडे या जरा," सुलक्षणाबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली. "हा काहीतरी बोलतोय."

परुळेकर अर्धी दाढी घोटलेली तशीच ठेवून आले. शेगडी बंद होती. दोघांनी श्वास रोखून कान दिले. सिलिंडरच्या गळ्याशी अगदी बारीक, लपूनछपून चालल्यासारखा आवाज येत होता : "स्स्स्स." वरची चावी बंद केली की तो थांबायचा, उघडली की पुन्हा सुरू.

"गळतोय वाटतं," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

"नवीन वस्तू गळत नाही," परुळेकर म्हणाले. पण त्यांनी चावी घट्ट बंद केली, खिडक्या उघडल्या आणि अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले. तिथेच त्यांच्या मनात पहिला संशय आला. साडेपाच वर्षं वाट बघून आलेली वस्तू तिसऱ्या दिवशी आपोआप बिघडत नसते. कुणीतरी ती बिघडवलेली असते.

शेजारधर्म म्हणजे सल्ला, हे श्रमसाफल्यमध्ये सगळ्यांना मान्य होतं. खालच्या मजल्यावरच्या सुनंदाबाई म्हणाल्या की हा आवाज गॅसचा नव्हेच, घरात धामण शिरलीय. त्यासाठी पिंपं, डबे, तांदळाची कोठी सगळं हलवून झालं. धामण निघाली नाही, परुळेकरांची कंबर मात्र धरली. चंद्रप्रकाश म्हणाला, "एकदम सोपं आहे यार अंबू. काडी ओढ आणि जवळ धर. जिथं पेटेल तिथं लीक."

परुळेकरांनी दाराची कडी हातात धरली. "आणि पेटलं की माझा नंबर कुणाला जाणार?"

"अरे, तुझ्या भल्यासाठी सांगतोय!"

"तेच म्हणतोय मी," परुळेकर म्हणाले आणि दार लावून घेतलं.

सिलिंडर आणून देणाऱ्या खंडूला रस्त्यात गाठलं तर त्याने हात जोडले. "साहेब, माझं काम टाकी खांद्यावरून खाली ठेवायचं. आवाजाचं खातं वेगळं. ऑफिसात जावा, काउंटर तीन. आणि तक्रार नोंदल्याबिगर चावी उघडू नका, नाहीतर जबाबदारी तुमची." खंडू इतक्या नम्रपणे बोलला की परुळेकरांना त्याचाही संशय आला. सुलक्षणाबाईंनी माळ्यावरून स्टोव्ह खाली काढला, नव्या शेगडीच्या शेजारी ठेवला आणि काही न बोलता पंप मारायला घेतला. हे 'काही न बोलता' परुळेकरांना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्धी रजा काढली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि गॅसच्या ऑफिसात काउंटर तीनपुढे जाऊन उभे राहिले. जाळीच्या मागे एक किडकिडीत कारकून बसला होता. केसांना तेल, कानावर पेन्सिल, आणि चेहऱ्यावर आपल्याला कुणीतरी फसवायला आलंय अशी पक्की खात्री. परुळेकरांनी इंग्रजीत गुड मॉर्निंग केलं. कारकुनाने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, कार्डावरचं नाव वाचलं, थोडा अडखळला आणि मग इंग्रजीतच म्हणाला, "येस?"

इथून पुढे जे झालं ते सगळं इंग्रजीत झालं. परुळेकरांनी विनयपूर्वक निवेदन केलं की सदरहू सिलिंडर त्यांच्या ताब्यात आल्यापासून असमाधानकारक स्थितीत आढळून आला आहे. कारकुनाने एक छापील पत्रक सरकवलं. नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक हे सगळं परुळेकरांनी झोकात भरलं. मग सातवा रकाना आला. त्यावर छापलं होतं : आवाजाचे स्वरूप. खाली बारीक अक्षरात : इंग्रजीत व स्पष्ट लिहावे.

परुळेकरांचं पेन थांबलं.

बावीस वर्षं त्यांनी इंग्रजी लिहिलं होतं. त्या इंग्रजीत प्रकरणं पडून असत, बाबी विचाराधीन असत, गोष्टी निदर्शनास येत, कागद वरिष्ठांकडे जात आणि परत येत. पण हे सगळं नि:शब्दपणे चाले. बावीस वर्षांत त्यांच्या एकाही अर्जात काहीही वाजलं नव्हतं. मराठीत त्यांच्याजवळ आवाज पोत्याने होते : सळसळ, फुसफुस, सूं सूं, भस्स, चर्र. इंग्रजीत एकसुद्धा नव्हता. हे त्यांना आज, मागे नऊ माणसं उभी असताना, पहिल्यांदाच कळत होतं.

त्यांनी लिहिलं : 'अ साउंड.'

"व्हॉट साउंड?" कारकुनाने विचारलं.

"स्मॉल साउंड."

"स्मॉल लाइक व्हॉट?"

तोंडाने 'स्स्स' करून दाखवणं एका क्षणाचं काम होतं. पण इस्त्रीचा शर्ट घातलेल्या हेडक्लार्कने चारचौघांत तोंड वेंगाडून 'स्स्स' करायचं? परुळेकरांनी फक्त घसा खाकरला. कारकुनाने तो खाकरण्याचा आवाज असेल की काय अशा नजरेने त्यांच्याकडे बघितलं, पत्रकावर लाल पेन्सिलीने 'अपूर्ण' असा शेरा मारला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

परुळेकर घरी आले ते मनात एक ठरवूनच. हा माणूस आपल्याला मुद्दाम अडवतोय. का अडवतोय, हे शोधायला हवं. पण आधी शब्द शोधायला हवा होता. त्यांच्याकडे बक्षीस मिळालेली एक जाडजूड डिक्शनरी होती, पण तिच्यात शब्द शोधायला आधी शब्द माहीत असावा लागतो, ही तिची मोठीच खोड होती. शेवटी त्यांनी शाळकरी मराठी-इंग्रजी कोश काढला आणि 'फुसफुस' हा शब्द उघडला. समोर छापलं होतं : विस्पर. परुळेकरांच्या जिवात जीव आला. दुसऱ्या खेपेला सातव्या रकान्यात त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'सिलिंडर इज विस्परिंग.'

कारकुनाने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग जाळीजवळ तोंड आणून हळू आवाजात विचारलं, "टु हूम?"

कुणाशी कुजबुजतोय म्हणजे काय? हा माणूस थट्टा करतोय की याला चहापाणी पाहिजे, हे परुळेकरांनी त्याच्या डोळ्यांत पाहून ठरवायचा प्रयत्न केला. कारकूनही त्यांच्या डोळ्यांत तितक्याच संशयाने बघत होता. मग याही पत्रकावर लाल पेन्सिलीचा शेरा पडला आणि ते फाइलला लागलं.

आता इलाज एकच होता. रुळांपलीकडे, अंधेरी पश्चिमेच्या आंबोलीला इनेझ टीचर राहायच्या. चाळीस वर्षं त्यांनी गावातल्या मिशनच्या शाळेत पोरांना इंग्रजी शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यावरही घराच्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याचं स्पेलिंग तपासायच्या. परुळेकर दुसऱ्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेले आणि अडचण सांगितली.

"आवाज काढून दाखवा," टीचर म्हणाल्या.

"तसा तो... बारीक आहे."

"मिस्टर परुळेकर, इथं काउंटर नाय. काढा."

परुळेकरांनी आजूबाजूला पाहिलं, अंगणात एक कोंबडी होती, आणि पुटपुटल्यासारखं "स्स्" केलं. टीचर खूश झाल्या. चाळीस वर्षांत त्यांना इतका आज्ञाधारक विद्यार्थी मिळाला नव्हता.

"आता ऐका. इंग्लिशमंदी हवेच्या आवाजाला एक वर्ड नाय, कुटुंबच हाय सगळं. बदक चिडलं की हिस. सोडा उघडला की फिझ. शाळेत माझी छडी हवेत फिरायची, ती स्विश. माडाची झावळी हलते ती रसल. वारा एकदम दारातनं शिरला की व्हूश. आणि हा ऐका." त्या आत गेल्या, तव्यावर बोंबील सोडले. "हा सिझल. डोळे मिटा आणि म्हणा."

परुळेकर डोळे मिटून म्हणाले. टीचरनी सोड्याची बाटली फोडली, छडी फिरवली, झावळी हलवली, दार आपटून वारा घेतला. प्रत्येक आवाजामागून परुळेकरांनी शब्द म्हणायचा, मग शब्दामागून आवाज काढायचा. चुकलं की टीचर छडी ओट्यावर मारायच्या, आणि तो आवाज कुठला हे सांगायला त्या विसरत. पहिल्या दिवशी तासभर, दुसऱ्या दिवशी दीड तास. परुळेकरांना त्यात हळूहळू गोडी लागली, हे खरं सांगायला हवं. इतकी वर्षं इंग्रजी त्यांच्या घरात पाहुण्यासारखं कडक इस्त्री करून बसलं होतं. आता ते पहिल्यांदाच फुसफुसत, उसासत, तडतडत होतं.

घरी मात्र निराळंच चाललं होतं. परुळेकर रोज संध्याकाळी उशिरा यायचे आणि त्यांच्या शर्टाला तळलेल्या बोंबिलांचा वास यायचा. तिसऱ्या दिवशी चंद्रप्रकाश जिन्यातच सुलक्षणाबाईंना भेटला. आंबोलीला त्याच्या साडूचं घर होतं.

"वहिनी, मला सांगायला नको वाटतं," तो म्हणाला आणि लगेच सांगायला लागला, "पण अंबू तिथं एका बाईसमोर डोळे मिटून बसलेला मी पाहिला. बाई म्हणत होती श्श, आणि हा पण म्हणत होता श्श."

त्या संध्याकाळी परुळेकर घरात शिरले तेव्हा सुलक्षणाबाई स्टोव्हसमोर बसल्या होत्या. "शिकवणी कशी झाली?" त्यांनी विचारलं.

"इंग्रजी सुधारतंय माझं."

"ते चांगलं आहे म्हणूनच तर बाबांनी तुम्हाला पसंत केलं होतं. आता आणखी कुणाच्या पसंतीला उतरवायचंय?"

परुळेकरांनी दुसऱ्या दिवशी त्यांना आंबोलीला नेऊन टीचर दाखवल्या. सत्तरी उलटलेल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालेल्या टीचरना बघून सुलक्षणाबाईंचा तो संशय गेला. पण टीचरनी त्यांनाही बसवून घेऊन 'हिस' म्हणायला लावलं आणि त्यांचा उच्चार परुळेकरांपेक्षा बरा निघाला, हे परतीच्या वाटेवर कुणीच काढलं नाही.

आता फक्त आपला आवाज यांपैकी कुठला, हे ठरवायचं होतं. रोज सकाळी खिडक्या उघडून, स्टोव्ह विझवून, परुळेकर क्षणभर चावी उघडायचे, कान लावायचे आणि बंद करायचे. सोमवारी त्यांना तो हिस वाटला. मंगळवारी थोडा फिझ. बुधवारी त्यात रसलची छटा आहे असं त्यांचं म्हणणं पडलं.

"काय छटा आणि काय! स्स्स वाजतोय," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

"अगं, तुझं कान देणंच जाडंभरडं आहे."

शेवटी 'हिस' नक्की झाला. परुळेकर ताठ मानेने काउंटर तीनपुढे उभे राहिले. कारकुनाने शब्द वाचला आणि खणातून एक चिमुकली खिशातली डिक्शनरी काढली. परुळेकरांना धक्काच बसला. याच्याकडेही डिक्शनरी! कारकुनाने बोट थुंकीने ओलं करून पानं उलटली आणि एक ओळ दाखवली. त्या चिमुकल्या पुस्तकात 'हिस'च्या पुढे एवढंच लिहिलं होतं : सापाचा आवाज.

"धिस इज गॅस ऑफिस," कारकून म्हणाला. "नॉट फॉर स्नेक."

पुढच्या खेपेला परुळेकरांनी 'स्विश' लिहिला. कारकुनाने या वेळी जुनी तीनही पत्रकं फाइलमधून काढून शेजारी शेजारी मांडली, आणि त्याच्या चेहऱ्यावर ज्याची तो वाट बघत होता ते सापडल्याचं समाधान आलं. ग्राहक दर खेपेला निवेदन बदलतो आहे. आधी कुजबुज, मग साप, आता छडी. परुळेकरांच्या कानशिलांवर रक्त चढलं. हा माणूस चंद्रप्रकाशचा कुणीतरी लागतो, याबद्दल त्यांना आता शंका उरली नाही. त्यांनी जाळीतून पत्रक ओढून घेतलं, 'स्विश' खोडला आणि वर दात ओठ खात लिहिलं : 'व्हूश.'

कारकुनाने ते वाचलं, खुर्ची मागे सारली आणि पत्रक दोन बोटांत धरून धावतच आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता गॅसच्या ऑफिसातली दोन माणसं जिना चढून आली. त्यांच्या सुरक्षिततेच्या पुस्तकात 'व्हूश' हा शब्द एकाच ठिकाणी होता : आग भडकते तेव्हा. त्यांनी सिलिंडरच्या चावीला सुतळी बांधली, तिच्यावर लाखेचा शिक्का मारला आणि परुळेकरांच्या हातात एक नोटीस दिली. सिलिंडरबाबत चार परस्परविरोधी निवेदनं केल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा ही जोडणी रद्द करून यादीतल्या पुढच्या ग्राहकास देण्यात येईल. अख्खा मजला दारात उभा होता.

"पुढचा ग्राहक म्हणजे?" सुनंदाबाईंनी विचारलं.

चंद्रप्रकाशने आकाशाकडे बघितलं. "देवाशप्पथ, माझा यात काही हात नाही रे अंबू," तो म्हणाला, आणि कुणी काही विचारलेलं नसताना तो हे म्हणाला, ही गोष्ट परुळेकरांनी मनात नोंदवून ठेवली.

त्या दिवशी सुलक्षणाबाई पहिल्यांदा रडल्या. गॅस गेला तर गेला, असं त्या म्हणाल्या. मी आणखी साडेपाच वर्षं पंप मारीन. पण तुमची सतरा पत्रं गेली तेव्हा तो आला असं तुम्ही म्हणालात, आणि तुमचेच चार शब्द गेले तेव्हा तो चाललाय, मग मी समजायचं तरी काय? गॅसपेक्षाही, या बाईने आजवर आपल्या इंग्रजीवर जो भरवसा टाकला होता तो जातोय, याची परुळेकरांना भीती वाटली.

म्हणून त्यांनी खुलासा लिहायला घेतला. असा खुलासा त्या ऑफिसात कधी गेला नसेल, असा त्यांचा बेत होता. पान एक ते तीन : पार्श्वभूमी. पान चार ते नऊ : प्रत्येक शब्दाचा अर्थ, उच्चार आणि सदरहू आवाजाशी त्याचं असलेलं व नसलेलं साम्य. पान दहा ते चौदा : परिशिष्ट. परिशिष्टासाठी आवाज पुन्हा पुन्हा काढून तपासावा लागे, कारण सिलिंडरला लाख लागली होती. परुळेकर मग स्वतःच तोंडाने हिस करायचे, फिझ करायचे, रसल आणि स्विश यांच्या मधला एक आवाज काढायचे आणि टिपून घ्यायचे. सहा दिवस हे चाललं.

"त्या कारकुनाला कधी तोंडाने काढून दाखवलात का?" सुलक्षणाबाईंनी चौथ्या दिवशी विचारलं.

"सरकारदरबारी तोंडाने आवाज काढत नसतात."

सातव्या दिवशी सकाळी परुळेकर उठले आणि त्यांनी चहा मागितला. बाहेर फक्त हवा आली. घसा पार बसला होता. मिठाच्या गुळण्या झाल्या, हळद-दूध झालं, सुनंदाबाईंनी ज्येष्ठमध पाठवलं. काही उपयोग झाला नाही. परुळेकर बिछान्यावर बसून हातवारे करत होते आणि सूं सूं करत होते, आणि खुलाशाची मुदत पाच वाजता संपत होती. अखेर सुलक्षणाबाईंनी चौदा पानं पिशवीत घातली, चपला घातल्या आणि निघाल्या. परुळेकरांनी हातवाऱ्यांनी सांगायचा प्रयत्न केला की फक्त कागद दे, बोलू नको. सुलक्षणाबाईंनी ते बघितलं नाही, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं.

त्या दुपारी परुळेकरांच्या मनात काय काय आलं, ते सगळं सांगत नाही. सुलक्षणेला इंग्रजी येत नाही. कारकून तिला विचारेल 'टु हूम', आणि ती भलतंच काही तरी बोलून बसेल. जोडणी जाईल, आणि शेजारच्या भिंतीपलीकडे निळी ज्योत पेटेल. एकदा तर जिन्यात लोखंड आपटल्याचा आवाज आला तेव्हा त्यांना वाटलं, सिलिंडर न्यायलाच आले.

सव्वातीनला सुलक्षणाबाई घरात शिरल्या. त्यांच्यामागे हातात पाना घेतलेला एक माणूस होता. त्याने लाख फोडली, वरचा भाग सोडवला, आतून रबराचं एक चिरलेलं कडं काढून खिडकीतून बाहेर टाकलं, खिशातून दुसरं काढून बसवलं, साबणाचं पाणी लावून बघितलं आणि पाणी पिऊन निघून गेला. चावी उघडली. घरात शांतता होती. सुलक्षणाबाईंनी चहाचं आधण ठेवलं.

परुळेकरांनी दोन्ही हात पसरून 'कसं काय?' अशी खूण केली.

"काही नाही हो," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "तो इंग्रजीत येस म्हणाला. मला काय सुचणार? मी सरळ तोंड करून म्हटलं, 'स्स्स्स.' तो लगेच म्हणाला, 'वायसर गेलो!' मी म्हटलं, तुमी खंयचे? म्हणाला, कसालचो. बाळा राणे त्याचं नाव. त्याची मावशी आमच्या आंब्रडला दिलेली."

हेडक्लार्क झाल्यापासून परुळेकरांनी घरात मालवणी बंद केलं होतं. बायकोच्या तोंडचं ते 'खंयचे' त्यांना किती वर्षांनी ऐकू येत होतं.

"तुमच्याबद्दलही बोलला. म्हणाला, 'परुळेकर म्हटल्यावर मी वळाखलंयच, आपल्याच गावाकडचे. पण ते एकदम इंग्रजीत सुरू झाले. माका वाटला, मोठे सायब, मालवणीत बोललंय तर रागवतले. मगे मीय इंग्रजीच काढलंय. वैनी, तीन रविवार डिक्शनरी घेवन बसलंय मी. ते रोज नवीन शब्द हाडत, आणि माका वाटा, माका नोकरीतसून काढूक कोणीतरी धाडल्यानी हेंका.' बिचारा घाबरून गेला होता हो तुम्हाला."

परुळेकरांनी कपाळाला हात लावला. पत्नीने पिशवीतून दोन गोष्टी काढून त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. एक म्हणजे त्यांची चौदा पानं. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'साभार परत. पाठकोरे.' दुसरी गोष्ट म्हणजे तक्रारीचं नवं पत्रक, मंजूर झालेलं. नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक सुलक्षणाबाईंच्या गोल मराठी अक्षरांत. आणि सातव्या रकान्यात, आवाजाचे स्वरूप यापुढे, त्याच अक्षरांत लिहिलं होतं : स्स्स्स. त्याच्यावर गोल शिक्का आणि बाळा राणेची सही होती.

परुळेकरांनी ते पत्रक पुन्हा पुन्हा वाचलं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी चहा वेळेवर झाला होता याचं बरंही वाटलं, आणि दोन्ही एकदम वाटल्याने त्यांना आणखीच वाईट वाटलं.

इतक्यात दारात कुणीतरी खाकरलं. चंद्रप्रकाश कोरा कागद घेऊन उभा होता. परुळेकरांनी सवयीने चष्मा पुसला, पेनाचं टोपण काढलं आणि घसा नसला तरी मान हलवून 'हं, मजकूर सांग' अशी खूण केली.

चंद्रप्रकाश जागचा हलला नाही. तो दोन्ही पायांवर आळीपाळीने भार देत राहिला. "नाही रे अंबू, तू पड. तुला बरं नाही," तो म्हणाला आणि परुळेकरांच्या खांद्यावरून आत डोकावला. "वहिनी आहेत ना? आमचा विजेचा मीटर रात्रंदिवस वाजतो. तेवढा अर्ज द्यायचा होता."

सुलक्षणाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. परुळेकरांनी हातातलं पेन त्यांच्यापुढे धरलं.

"पेन नंतर," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "आधी आवाज काढा बघू, भावोजी."

चंद्रप्रकाश लाजला. त्याने मागे बघितलं, जिन्यात कुणी नाही याची खात्री करून घेतली आणि तोंड वाकडं करून सुरुवात केली. परुळेकरांनी टोपण परत पेनावर लावलं, बायकोसाठी खुर्ची पुढे सरकवली आणि स्वतः खाली चटईवर बसून लक्ष देऊन ऐकू लागले.